महाबळेश्वरला घेतलेली कोल्हापुरी चप्पल ‘खरी’ असते का?

महाबळेश्वरच्या बाजारात स्ट्रॉबेरी आणि चण्यांच्या दुकानांशेजारी कोल्हापुरी चपला टांगलेल्या दिसतात. पण सातारा जिल्ह्यात मिळणारी चप्पल ‘कोल्हापुरी’ कशी?

नाव एक, जिल्हे आठ

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूरसोबत सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हेही आहेत. त्यामुळे साताऱ्याच्या कारागिराची चप्पलही कायद्याने कोल्हापुरीच. नोंदणीकृत मालक दोन सरकारी महामंडळं आहेत: महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर.

मग प्राडाचं काय झालं?

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, पण नाव दिलं फक्त ‘लेदर सँडल’. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, पण जुलैमध्ये जनहित याचिका फेटाळली गेली. दाद मागायची तर ती नोंदणीकृत मालकांनी, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

इथेच मेख आहे. जीआय नावाचं रक्षण करतं, डिझाइनचं नाही. ‘कोल्हापुरी’ न म्हणता तशीच चप्पल विकणाऱ्याला जीआयने अडवणं कठीण.

खरा फटका कुठे बसतो?

मिलानपेक्षा आपल्या बाजारात. रेक्झिनची, मशीनवर बनलेली चप्पल सर्रास ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते. खोटं जीआय नाव लावणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पण तक्रारच झाली नाही, तर कायदा कागदावरच राहतो. स्वस्त नकलेपुढे हाताने चप्पल शिवणाऱ्याला भाव मिळत नाही.

घेताना काय बघाल?

• तळ आणि पट्टे अस्सल चामड्याचे आहेत का? कडेला कापलेला भाग बघा. खाली कापडाचं अस्तर आणि वर प्लास्टिकचा थर दिसला तर ते रेक्झिन.
• शिवण हाताची, चामड्याच्या वादीची आहे का?
• चप्पल कुठल्या गावात बनली, हे दुकानदार सांगतो का?
• बिलावर ‘कोल्हापुरी’ आणि ‘चामड्याची’ असं लिहून देतो का?

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळालं. तिथे सतारमेकर गल्लीत वाद्य बनवणारा कारागीर समोर भेटतो. चपलेचा कारागीर दुकानात दिसत नाही. म्हणून तिथे गिऱ्हाइकानेच विचारायला हवं: ही बनवली कुणी?