भिंतीवर कुणाला चढवता?

सध्या नवी फॅशन आलीय. कंपनी सरकारच्या काळातली लढायांची जुनी चित्रं ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून विकतात. चकचकीत माल. काच नको, धूळ बसली तर फडकं मारा. हॉटेलवाला लावतो, वकील लावतो, बिल्डर सॅम्पल फ्लॅटमध्ये लावतो. आणि दोस्तांनो, आपली पोरंही लावतात. शिकलेली, नोकरीला लागलेली, हप्त्यावर घर घेतलेली. पहिल्यांदा स्वतःच्या मालकीची भिंत मिळालीय. ज्यांच्या बापजाद्यांना गावानं गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी भिंतीवर काय लावायचं हा सवाल किरकोळ नाही.

म्हणून या चित्राची जरा चौकशी करू.

हे चित्र मुळात पत्र्यावरच जन्मलं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटं कोरायचं किंवा तेजाबानं खायला लावायचं. शाई चोळायची, वरची पुसायची, खाचांतली ठेवायची. ओला कागद अंथरून दाबातून काढायचा. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघायच्या आणि लंडनच्या दुकानांत विकल्या जायच्या. म्हणजे धंदाच होता. गिऱ्हाईकाला साहेबाचा विजय हवा होता, दुकानदारानं तो पुरवला. रॉबर्ट केर पोर्टरनं 1800 साली श्रीरंगपट्टणच्या पाडावाचं शंभर फुटांहून लांब चित्र काढलं, तेही लंडनमध्ये बसून. श्रीरंगपट्टण त्यानं पाहिलंही नव्हतं. त्या चित्रावरून कोरलेल्या प्रती सगळीकडे गेल्या. आसईची लढाई 23 सप्टेंबर 1803 ची. तिचं चित्र काढणारा विल्यम हीथ तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. ही असली साक्ष! आणि आपण तिला इतिहास म्हणून खिळा ठोकतो.

आता चित्रात कोण आहे ते बघा. मधोमध घोडा. घोड्यावर साहेब. त्याच्या टोपीचा तुरा, छातीवरचं बटण, सगळं नीट मोजून काढलेलं. मागं धूर. धुरात ठिपके. ते ठिपके म्हणजे आपण. मेलेले ठिपके, मारणारे ठिपके. चेहरा एकालाही नाही.

आमच्या नगरचंच घ्या. 8 ऑगस्ट 1803 ला वेलस्लीनं शिड्या लावून पेठ घेतली. 12 ऑगस्टला शिंद्यांच्या किल्लेदारानं किल्ला सोडला. पुढं हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. शिडीवर गोऱ्या हायलंडर पलटणी होत्या, तसे मद्रासचे काळे शिपाईही होते. कंपनीच्या त्या मद्रास फौजेत अस्पृश्य परैयर भरती होत. त्यांच्यातल्या किती जणांची नावं साहेबांच्या चित्राखाली आली? आणि पेशवा कुठं होता? वसईचा तह करून कंपनीच्या पदराखाली. त्याचा सरदार बापू गोखले वेलस्लीच्याच छावणीत. आज कोरेगावच्या नावानं आपल्याला 'इंग्रजांचे हस्तक' म्हणणाऱ्यांनी 1803 चं हे नगर एकदा वाचावं. मग आपण बोलू.

पण बोट दुसऱ्याकडं दाखवून भागत नाही. नगर रोडवर भीमा कोरेगाव आहे. 1 जानेवारी 1818 ची लढाई. आता तिचीही चित्रं निघालीत. पीळदार दंडाचे पाचशे वीर आणि समोर पळणारे अठ्ठावीस हजार. मढवून मस्त दिसतं. पण खरं काय? स्टाँटनबरोबर सुमारे पाचशेची पायदळ पलटण, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार आणि मद्रासचे दोन तोफांवरचे गोलंदाज होते. त्या पलटणीत महार मोठ्या संख्येनं होते, पण ते एकटे नव्हते. मराठे होते, मुसलमान होते. स्तंभावर मेलेल्यांची 49 नावं आहेत. त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. एवढं खरं आपल्याला पुरतं. ज्या काळी आपल्या माणसाचं नाव कुठल्या वहीत चढत नव्हतं, त्या काळी ते दगडात कोरलं गेलं. त्याच दगडासमोर 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब उभे राहिले. फुगवून सांगितलं की उद्या कुणीतरी टाचणी लावणार. मग 22 नावंही खोटी ठरवायला ते मोकळे.

आणि ज्या साहेबाला भिंतीवर चढवता त्यानं पुढं काय केलं? 1890 च्या दशकात 'लढाऊ जाती'चं शास्त्र काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली थेट विलायत सरकारकडं मागणं मांडलं. साहेब बहिरा. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 साली महार पलटण उभारली, काम भागलं तशी 1921 साली मोडली. दुसरं महायुद्ध अंगावर आलं तेव्हा 1941 साली पुन्हा आठवण झाली. गरजेपुरतं वापरायचं आणि फेकायचं, याबाबतीत पेशवा आणि साहेब सख्खे भाऊ.

जामखेड तालुक्यात खर्डा आहे. 1795 साली मराठे आणि निजाम तिथं लढले. पाठ्यपुस्तकात खर्ड्याची तेवढीच ओळख. त्याच खर्ड्यात 2014 साली एका दलित शाळकरी पोराला मारून टाकलं. सवर्ण पोरीशी बोलला, हा संशय. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. 1795 चा खर्डा कुणीही पत्र्यावर छापून विकेल, गिऱ्हाईक मिळेल. 2014 चा खर्डा कोण छापणार? जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. त्या पोराच्या खर्ड्याचं काय बदललं?

आमचं म्हणणं चित्र फोडा असं नाही. लावायचंच असेल तर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं आधी वाचा. कुणी काढलं, कुठं बसून काढलं, कुणाला विकायला काढलं. घरी आलेल्या माणसाला ते सांगा. पोरांना ठिपके दाखवा, आणि हे कोण म्हणून विचारा. आणि पत्र्याच्याच हौसेला पैसे घालायचे असतील तर कोरेगावला जा, त्या 22 नावांचा फोटो काढा आणि तो छापून घ्या. तिथं घोडा नाही, तुरा नाही, धूर नाही. नुसती नावं आहेत. पाहुणा विचारेल, हे कोण? मग सांगायला बसा. रात्र पुरणार नाही.