तयार आवाजांचा मोह

संगणकावरील ध्वनिसंश्लेषक म्हणजे तयार आवाजांचे कोठार, अशी समजूत आमच्या हैदराबादेतील विद्यार्थ्यांत रूढ होऊ पाहत आहे. आम्हांस ती मान्य नाही. ‘सर्ज’ हे संगणकीय वाद्य २०१८ पासून सर्वांस मोफत खुले आहे; परंतु त्यातील तयार आवाज निदान महिनाभर झाकून ठेवावेत, असा आमचा आग्रह आहे. स्नेहसंमेलनाच्या घाईत ते खुशाल वापरावेत. शिकताना मात्र नव्हे.

प्रथम करवतीच्या दात्यांसारखा एकच तरंग घ्यावा. त्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर असतात. गाळणीने वरचे उपस्वर छाटले की स्वर मवाळ होतो. गाळणी हळूहळू उघडली की तो झळाळू लागतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी घासून उपस्वरांनाच तर उजाळा देतो! त्याच्यापाशी तयार जवाऱ्यांची यादी कुठली? कानाने ऐकत, थोडे घासत, पुन्हा ऐकत त्याचे काम चालते.

मग आमच्या गोव्याकडील आरतीतले घुमट घडवून पाहावे. खर्जातला साधा स्वर घ्यावा, त्याची कंपनसंख्या क्षणार्धात किंचित उतरवावी आणि आरंभी थापेपुरती खरखर मिसळावी. पहिल्या दिवशी ते डब्यासारखे वाजेल, वाजू द्यावे.