पुसलेल्या चित्राची किंमत

८ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस या न्यायालयाच्या भिंतीवर एक चित्र उमटले. टोप आणि झगा घातलेला न्यायाधीश खाली पडलेल्या आंदोलकाला हातोड्याने मारतो आहे आणि आंदोलकाच्या कोऱ्या फलकावर रक्त उडाले आहे. चित्रकार बँक्सी, म्हणजे स्वतःची ओळख लपवून साच्यावरून रंग फवारणारा कलावंत. दोनच दिवसांपूर्वी लंडनमध्ये बंदी घातलेल्या एका पॅलेस्टाइनवादी संघटनेच्या समर्थनार्थ बसलेल्या शेकडो लोकांना अटक झाली होती. न्यायालयाच्या प्रशासनाने चित्र झाकले आणि १० तारखेला घासून पुसले. कारण काय, तर इमारत वारसा यादीतली, तिचे मूळ रूप जपले पाहिजे! डाग मात्र राहिला.

याच बँक्सीचे लिलावातच अर्धे फाटलेले चित्र २०२१ साली १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. म्हणजे दिवाणखान्यातला उपहास कोट्यवधींचा आणि न्यायालयाच्या दारातला उपहास गुन्हा!

आमच्या मते उपहासचित्राची पारख एकाच प्रश्नाने होते : फटका कोणाच्या पाठीवर बसतो? २०१४ साली इंग्लंडच्या क्लॅक्टन गावात बँक्सीने कबुतरांचा घोळका काढला. त्यांच्या हाती स्थलांतरितांना हाकलणारे फलक आणि समोर एक परदेशी पाखरू. टोला वंशद्वेष्ट्यांना होता. परंतु तक्रार आली आणि स्थानिक परिषदेने चित्रच वंशद्वेषी ठरवून पुसले! अर्थ न वाचता केलेली पारख अशी उलटते.

जतनाचेही तेच. त्याच वर्षी फोकस्टोनमध्ये भाडेकरूने बँक्सीचे चित्र भिंतीसकट कापून विक्रीसाठी अमेरिकेला धाडले. भिंत दुरुस्त ठेवणे हे आमचे कर्तव्यच, असा त्याचा बचाव होता. २०१५ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कापलेला तुकडा घरमालकाचा ठरला आणि चित्र गावी परतले. वकील म्हणून आम्हास हा निकाल मोलाचा वाटतो. पण भिंतीची मालकी कायदा ठरवतो, चित्राचा अर्थ ज्यांच्यासाठी ते काढले त्यांनाच सांभाळावा लागतो.

बांधवांनो, हे आम्ही का सांगतो? प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांत जागा नव्हती म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. ज्यांच्या हाती वृत्तपत्रही नसते, त्यांची भिंत हेच वृत्तपत्र. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या लढ्यात आमच्या वस्त्यांतील भिंतीही बोलल्या. त्यांची छायाचित्रे आज किती घरांत आहेत? चाळी पाडल्या जातात आणि भिंतींसोबत इतिहासही मलब्यात जातो.

तेव्हा वस्तीत अशी भिंत असेल तर तिच्यावर नवा रंग चढवण्याआधी छायाचित्र घ्या. ठिकाण, तारीख आणि कोणत्या प्रसंगी, कोणाविरुद्ध ती रंगवली हे लिहा. रंगवणारे हयात असतील तर त्यांची साक्ष नोंदवा आणि हे सारे विहाराच्या ग्रंथालयात ठेवा. लंडनच्या भिंतीवरचे चित्र गेले, पण छायाचित्रे जगभर पोहोचली होती, म्हणूनच त्या डागाला अर्थ उरला. आमच्या भिंतींवर तर डागही उरलेला नाही.

जय भीम!