वाण की गुण?

माणगावहून एका भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांनी विनंती केली आहे आणि ती अर्थातच पाळली आहे. पत्राचा सारांश असा: थोरला मुलगा २६ वर्षांचा, पुण्याला चांगल्या नोकरीत. गौरी-गणपतीला घरी आला तेव्हा स्थळांचा विषय निघाला. रात्री सगळे झोपल्यावर त्यानं आईला एकटीला गाठून सांगितलं, "आई, माझ्यासाठी मुली बघू नकोस. मला मुलींविषयी तसं कधीच वाटलं नाही. मला पुरुषच आवडतात." बाईंनी यजमानांना अजून सांगितलेलं नाही; पण मन मोकळं करायला म्हणून जाऊबाईंजवळ बोलल्या. जाऊबाई म्हणाल्या, "लहानपणी सदा तुमच्या पदराला धरून असायचा, भाकऱ्या थापायला बसायचा, तेव्हाच मी सांगत होते!" माहेरी बहिणीचं मत वेगळं. तिच्या मते त्याला वसतिगृहात ठेवला, तिथं कुणीतरी बिघडवला. शेवटी बाईंनी तीन प्रश्न विचारले आहेत: हे जन्मतःच असतं की आम्ही घडवलं? माझं कुठं चुकलं? आणि लग्न करून दिलं तर सुधारेल का?

पत्र एकीचं असलं तरी प्रश्न अनेकींचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे म्हणच आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे जन्मानं मिळतो तो वाण आणि संगतीनं लागतो तो गुण. समलिंगी ओढ हा वाण की गुण, यावर जगभर गेली शंभर वर्षं वाद चालला आहे. त्यात 'गुण लागला' म्हणणाऱ्यांनी दोष नेहमी कुणाच्या पदरात घातला, तर आईच्या! १९६२ साली न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयर्व्हिंग बीबर यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी असं मांडलं की, आई मुलाला फार कवटाळून बसते, बाप दूर दूर राहतो, म्हणून मुलगा असा होतो. तुमच्या जाऊबाईंनी हा ग्रंथ वाचला नसणार. पण बोलणं तेच!

या म्हणण्यातली खोट साधी होती. बीबर यांनी पाहिलेले पुरुष मानसोपचार घेत असलेले होते, चारचौघांसारखे नांदणारे नव्हते. शिवाय मुलगा वेगळा आहे असं जाणवून बाप दूर झाला असेल, तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला? पुढे १९८१ साली अमेरिकेतल्या किन्से संस्थेच्या अभ्यासकांनी सुमारे दीड हजार स्त्री-पुरुषांच्या मुलाखतींवरून निष्कर्ष काढला की, आईबापांच्या वागण्याचा या ओढीशी नाव घेण्यासारखा संबंध दिसत नाही. इंग्लंडमध्ये सुझन गोलोम्बोक यांनी समलिंगी आयांच्या घरी वाढलेली मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. १९९६ साली त्यांनी नोंदवलं की, त्यातल्या बहुतेकांना भिन्नलिंगी जोडीदारच आवडत होते. घरात रोज पाहूनही गुण लागला नाही. मग भाकऱ्या थापल्यानं कसा लागेल?

आता वाणाची बाजू पाहू. १९९१ साली अमेरिकेत बेली आणि पिलार्ड यांनी जुळ्या भावांचा अभ्यास केला. एक भाऊ समलिंगी असेल तर दुसराही तसा निघण्याचं प्रमाण एकाच बीजातून झालेल्या एकसारख्या जुळ्यांत ५२ टक्के, वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत २२ टक्के आणि दत्तक भावांत ११ टक्के आलं. पुढच्या, अधिक काटेकोर अभ्यासांत हे आकडे बरेच उतरले, पण निष्कर्षाची दिशा तीच राहिली. बीजाचा वाटा आहे. मात्र सगळं बीजावर नाही. एकच बीज, एकच आई, एकच घर, तरी कित्येक जुळ्यांत एक तसा आणि दुसरा नाही. २०१९ साली तर ४ लाख ७७ हजारांवर माणसांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. 'समलिंगी जनुक' असं एकुलतं एक काही सापडलं नाही. अनेक जनुकांचा प्रत्येकी कणभर हात दिसला आणि रक्त तपासून कुणाची ओढ सांगता येत नाही हेही ठरलं.

मग बीज नव्हे, घर नव्हे, तर उरलं काय? उरतं ते उदर. कॅनडातल्या संशोधकांना आढळलं की, एकाच आईच्या पोटचे जितके थोरले भाऊ अधिक, तितकी धाकट्यात ही ओढ असण्याची शक्यता थोडी वाढते. घरात वाढलेले सावत्र किंवा दत्तक थोरले भाऊ असतील तर मात्र वाढत नाही. म्हणजे हा परिणाम घरात नव्हे, गर्भातच घडत असला पाहिजे. याचा अर्थ गरोदरपणी तुम्ही काही खाल्लंत, पाहिलंत वा योजलंत असा मुळीच नाही. बरेच थोरले भाऊ असलेल्या मुलांतही बहुतेकांना मुलीच आवडतात. आणि तुमचा मुलगा तर थोरलाच. तेव्हा हे कारण सगळ्यांना लागू नाही हेही उघड आहे.

समजायला सोपं म्हणून डावखुऱ्या मुलाचं उदाहरण घ्या. दहांत एखादं मूल डावखुरं निघतं. आईबाप दोघं उजवे असले तरी निघतं, एकसारख्या जुळ्यांतही एक डावा आणि एक उजवा असतो. पूर्वी अशा मुलाच्या हातावर छड्या मारत, पंगतीत उजव्या हातानं जेवायला लावत. मूल उजव्या हातानं जेवायला शिकायचं, पण आतून डावखुरंच राहायचं. वर भीती बसायची ती वेगळीच.

वसतिगृहाविषयी दोन शब्द. वसतिगृहात शिकून बाहेर पडलेले हजारो पुरुष आज बायकामुलांत सुखी आहेत, तेव्हा वसतिगृहानं माणूस बदलत असता तर हिशेब जुळला नसता. लहानपणी मुलावर कुणी जबरदस्ती केली असेल तर तो गुन्हा आहे, त्याची गंभीर दखल घ्यायलाच हवी. पण ती गोष्ट वेगळी आणि ओढ वेगळी. मुलानं तसं काही सांगितलेलं नसताना ते त्याच्या माथी मारू नये.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की ही ओढ माणूस निवडत नाही, आईच्या लाडानं वा बापाच्या धाकानं ती घडत नाही, आणि बळानं ती बदलत नाही. दुसऱ्याचं उत्तर त्यातच आलं. बाई, तुमचं काहीही चुकलेलं नाही.

मात्र एवढ्यावर थांबू नका. क्षणभर समजा, उद्या कुणी सिद्ध केलं की हे संगतीनंच होतं. मग तुमचा मुलगा कमी मायेचा ठरेल का? उलट, 'जन्मानंच असा आहे' एवढं म्हटल्यानं समाज दया दाखवतो असंही नाही. तुमच्या शेजारच्या महाडला चवदार तळं आहे. ज्यांना त्या तळ्यावर पाणी भरू देत नव्हते, त्यांनाही 'जन्मानंच तसे' म्हणूनच दूर ठेवलं होतं. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी तिथं पाणी प्यायलं ते वंश तपासून नव्हे, माणूस म्हणून. मुलाला जवळ करायचं ते माणूस म्हणून, पोटचं मूल म्हणून. कारण कळलं तर बरं, नाही कळलं तरी बिघडत नाही.

त्याच १९२७ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. याच प्रकारचे खाजगी प्रश्न वाचक त्यांना विचारीत आणि ते आडपडदा न ठेवता उत्तरं देत. समलिंगी ओढीला पाप म्हणायला ते तयार नव्हते. अशा उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीच मांडली, तरी दंड झाला. आज तुमच्याच तालुक्यात लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं विद्यापीठ उभं आहे आणि तुमचं पत्र आम्ही निर्धास्त छापू शकतो. काळ तेवढा पुढे सरकला आहे.

कायदाही सरकला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढ माणसांच्या संमतीनं होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. अशा जोडप्यांच्या लग्नाला मात्र २०२३ च्या निकालात कायद्याची मान्यता मिळाली नाही. वैद्यकशास्त्रात जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली, आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये हा आजार नव्हे असं स्पष्ट केलं.

आता तिसरा प्रश्न, सर्वांत महत्त्वाचा. लग्नानं 'सुधारेल' का? नाही. आणि इथं मी आई म्हणून नव्हे, तुम्हीही कुणाची तरी लेक आहात म्हणून विचारते. ती जी मुलगी हळद लावून तुमच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडेल, तिचं काय? नवरा जवळ का येत नाही म्हणून ती आरशात स्वतःलाच दोष देत बसेल. वर्षभरानं बायका तिचीच ओटी बघतील, तिलाच उपास सांगतील. एका घरचं दुःख झाकायला दुसऱ्या घरच्या निरपराध मुलीचा जन्म वापरणं याला संस्कार म्हणत नाहीत. तुमच्या मुलानं आधीच खरं सांगून तिला वाचवलं आहे, हे तुमच्याच संस्कारांचं फळ समजा.

प्रत्यक्षात काय करावं ते क्रमानं सांगते.

१. स्थळं पाहणं आजच थांबवा. कुणी विचारलं तर 'त्याची सध्या इच्छा नाही' एवढंच पुरे.

२. देवऋषी, अंगारा, 'पुरुषत्वाची' इंजेक्शनं, विजेचे झटके यांच्या वाऱ्याला उभ्या राहू नका. ओढ बदलून देतो म्हणणारा डॉक्टर गैरवर्तन करतो आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली सर्व राज्यांच्या परिषदांना कळवलं आहे.

३. मुलाला आपण होऊन फोन करा. सगळं समजलंच पाहिजे असं नाही. 'जेवलास का? तू सांगितलंस ते माझ्या लक्षात आहे. मला थोडा वेळ लागेल, पण मी तुझीच आई आहे,' एवढं म्हटलंत तरी त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. घरच्यांनी पाठ फिरवल्यानं अशी मुलं जिवाला मुकतात. तेंडुलकरांच्या १९८१ सालच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातल्या मित्राचा शेवटही तसाच होतो.

४. यजमानांना कधी आणि कसं सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. ते गुपित त्याचं आहे. जाऊबाईंनाही गोड शब्दांत सांगून ठेवा की, ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये.

५. मुलाच्या बोलण्यात निराशा, जिवाचं बरंवाईट असं काही आलं, किंवा तुमचीच झोप उडाली, तर सरकारच्या 'टेलिमानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येतं.

६. वाचायचं असेल तर बिंदुमाधव खिरे यांचं 'इंद्रधनु' हे मराठी पुस्तक मिळवा. २००२ साली त्यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट ही संस्था याच कामासाठी काढली. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. मुलगा पुण्यातच आहे. त्याच्यासारखी, त्याला समजून घेणारी माणसं त्याला तिथं भेटतील. त्याला 'बिघडणं' म्हणू नका. एकटेपणा त्याहून वाईट.

लोक काय म्हणतील हा चौथा, न विचारलेला प्रश्नही पत्राच्या ओळीओळींत आहे. लोक चार दिवस बोलतील, मग त्यांना दुसरा विषय मिळेल. मुलगा मात्र दर गणपतीला घरी यायला हवा ना? तो यावा, पाटावर बसून मोदक खावा आणि काही न लपवता परत जावा, एवढं पाहणं तुमच्या हातात आहे. बाकीचं हळूहळू होईल.