कुत्र्याच्या छत्रीची बदनामी

एखादी पतसंस्था बुडाली, की अग्रलेखापासून चहाच्या टपरीपर्यंत एक उपमा हमखास ऐकू येते. या संस्था म्हणे कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या! क्लासेस, डी.एड. कॉलेजे, इंग्रजी शाळा, सगळ्यांना हीच छत्री. आम्हा बँकवाल्यांच्या बैठकांतही ती वरचेवर उघडायची. २०२३-२४ मध्ये बीडमधल्या मल्टिस्टेट पतसंस्थांना टाळे लागले आणि निवृत्तीचा पैसा अडकलेले म्हातारे-कोतारे बंद दारांपुढे बसले, तेव्हा ती पुन्हा कानी आली. माझे म्हणणे असे, की या उपमेने संस्थांवर मेहेरबानी होते आणि अन्याय होतो तो छत्रीवर.

कारण आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे त्या जिवाचे नुसते फळ. खरा जीव जमिनीत, पाचोळ्यात, कुजक्या लाकडात बारीक पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यासारखा पसरलेला असतो, कित्येकदा वर्षानुवर्षे. पाऊस आला की आधीच तयार असलेले कोंब पाणी पिऊन फुगतात आणि आपण म्हणतो, रातोरात उगवली. म्हणजे व्यवहार असा, की आधी भांडवल आणि मग पाटी. आमच्याकडच्या बुडीत संस्थांचा क्रम उलटा होता. आधी काचेचे दार, गार हवा, गळ्यात टाय बांधलेली पोरे. खाली खणून पाहिले तर मुरूम.

वारुळावरच्या अळंबीची गोष्ट तर याहून नवलाची. कोकणात लोक अळंबी म्हणतात, गोव्यात अळमी, विदर्भात सात्या. वाळवी पालापाचोळा कुरतडून वारुळात नेते आणि आत त्यावर बुरशीची शेती करते. लाकडातला वाळवीला न पचणारा भाग ही बुरशी पचवून देते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. माणसाची जेमतेम दहा-बारा हजारांची. धिंगरी आपण पोत्यातल्या भुश्श्यावर पिकवतो, पण ही वारुळावरची अळंबी व्यापारी पद्धतीने पिकवणे माणसाला अजून साधलेले नाही. नागपंचमीला आमच्या बाया ज्या वारुळापुढे फेर धरतात, त्याच्या पोटात एवढा मोठा संसार. नोकरीत असताना जमीन सपाटीकरणाच्या कर्जप्रकरणांचे ढीग माझ्या हाताखालून गेले. त्या अर्जांत विहिरीला रकाना होता, झाडांना होता. वारुळाला नव्हता.

साहित्यात मात्र छत्रीला कधी मान मिळाला, कधी हाकलले गेले. मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंगतीत बसवून तिला द्विजांच्या ताटाबाहेर काढले. कालिदासाने ‘मेघदूता’त मेघाच्या गर्जनेने धरतीवर शिलीन्ध्रे उगवतात आणि ती सुफळ होते, असे म्हटले. मल्लिनाथाने शिलीन्ध्राचा अर्थ कंदली असा केला असला, तरी अनेकजण तो भुईछत्र असाच करतात. शिलीन्ध्रे दिसली की पीक चांगले येणार, असा जुना संकेतही मल्लिनाथानेच नोंदवला आहे. गडगडाटाची ही कविकल्पना अगदीच वाऱ्यावरची नाही. जपानच्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन पाहिले, तर उत्पन्न वाढले!

पण छत्रीचा खरा कैवार घेतला तो हिंदीतल्या निरालांनी. त्यांच्या ‘कुकुरमुत्ता’ या १९४१-४२ च्या दीर्घ कवितेत नवाबाच्या बागेतल्या गुलाबाला उकिरड्यावरचा कुकुरमुत्ता भांडवलदार म्हणून फैलावर घेतो. पुढे नवाबाची मुलगी माळ्याच्या घरी त्याचा कबाब खाते आणि खूष होते. नवाब हुकूम सोडतो, गुलाबाच्या जागी आता कुकुरमुत्ता लावा. माळी सांगतो, हुजूर, तो लावून उगवत नाही. सत्तेला जागेवर बसवणारे इतके साधे उत्तर मला दुसरे आठवत नाही.

याचा अर्थ दिसेल ती छत्री आणून फोडणीला टाकावी, असा कोणी घेऊ नये. लसूण काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्ली असेल तर निर्धोक, असल्या कसोट्यांनी माणसे मेली आहेत. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात, मध्ये एखादा दिवस बरे वाटते आणि तोवर आत यकृत निकामी होत असते. मोबाइलवरच्या फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपवर तर पोटाचा भरवसा मुळीच टाकू नये.

वसुलीच्या फेरीत बालाघाटच्या एका वस्तीवर शेळ्या राखणारी एक म्हातारी भेटली होती. छत्री कशी ओळखता, म्हणून विचारले, तर तिने रंग-वास काही सांगितला नाही; वारुळे मोजून दाखवली. सासूने दाखवलेली पाच. ‘‘सहाव्यावर बी येतीया. पर आमी न्हाई हात लावीत.’’ अशा बाया आता थोड्या उरल्या. सुना दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, माळ सपाट होत चालले आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि अंबाजोगाई-बीडच्या कॉलेजांतल्या वनस्पतिशास्त्राच्या मंडळींनी दोन पावसाळे तरी या बायांच्या मागे वही घेऊन हिंडावे. कोणते वारूळ, कोणत्या नक्षत्रात, त्यांच्या बोलीत नाव काय, एवढे लिहून घेतले तरी पुष्कळ. त्यासाठी कर्ज लागणार नाही.