पानावरची आवड

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की आपल्या घराघरांतून आमसुलाच्या चटणीचा आणि तळणीतल्या वड्यांचा वास दरवळू लागतो, आणि खिरीत वेलची घालता घालता कुणीतरी हमखास म्हणते, "काकूंना कारल्याची भाजी फार आवडायची, तीही वाढा पानात." गेलेल्या माणसाची आवड आपण किती जपतो! दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तर हात जोडून एकेक राहिलेली इच्छा आठवतो, वचने देतो. याच दिवसांच्या मागेपुढे पुष्कळदा १ ऑक्टोबर येतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ज्येष्ठांसाठी नेमून दिलेला हा दिवस. पुढच्याच वर्षी त्यांनी मान्य केलेल्या तत्त्वांत शुश्रूषेच्या जोडीला स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठाही होती.

शुश्रूषेचे आपण बघतो. मुलगा दिवसभर कामावर, मुलगी न्यू जर्सीत, म्हणून ब्युरोतून बारा तासांची मावशी येते, नाहीतर चोवीस तासांची. औषधे वेळेवर, डायपर वेळेवर. पण अंथरुणाला खिळलेल्या आजींचे पातळ सुटून गाऊन आला, तो कुणाच्या सोयीने? साठ वर्षे सांभाळलेला अंबाडा एका दुपारी कातरीखाली गेला, तेव्हा त्यांना कुणी विचारले होते? अंघोळ सकाळी सातला, कारण मावशींना पुढची कामे, आणि डॉक्टर आले की आजींच्या देखतच प्रश्न, "पेशंटने खाल्ले का?" यात दुष्टावा कुणाचाच नसतो. उलट बहुतेकदा मायाच असते, आणि मायेला विचारायची सवय नसते.

मावशींचे तरी काय वेगळे? त्यांचा कप निराळा, दुपारची डुलकी डोळ्यांत सलणारी. गावी जायला दोन दिवस मागितले की आपण ब्युरोचा नंबर फिरवतो. ज्या हातांना घरात मान नाही, त्यांनी आजींचा मान राखावा, ही अपेक्षा जरा भाबडीच. कायद्याकडे पाहावे, तर २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः निर्वाहखर्चाचा. घरी येऊन शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांचा विचार करणारे दुरुस्ती विधेयक २०१९मध्ये लोकसभेत मांडले गेले, आणि २०२४मध्ये त्या लोकसभेबरोबरच ते संपले.

नियम होतील तेव्हा होतील. गाऊन कदाचित टळणार नाही. त्याचा रंग कोणता, हे मात्र अजून आजींच्या हाती ठेवता येते. आधी चहा की आधी अंघोळ, हेही. यंदा पान घेऊन गच्चीवर जाण्याआधी आतल्या खोलीत डोकावू या, निळा आणि जांभळा असे दोन्ही गाऊन त्यांच्यासमोर धरू या, आणि मावशींनाही जवळ बसवून घेऊ या. उत्तर यायला वेळ लागेल. जीभ जड झालेली असते, बोट उचलायलाही सायास पडतात. कावळ्यासाठी थांबतोच की आपण, भर उन्हात.