रूप कोणासाठी?

यंदाच्या स्नेहसंमेलनास आठ दिवस उरले असताना आमच्या नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी तोंडाला हातरुमाल बांधून शाळेत आला. कणकुंबीत थंडीच्या दिवसांत सकाळी धुके उतरते. तेव्हा गारठ्याने बांधला असेल असे समजून आम्ही हजेरी घेतली आणि धड्याला लागलो. दुसऱ्या दिवशी रुमाल होताच, तिसऱ्या दिवशीही होता. मधल्या सुट्टीत त्यास व्हरांड्याच्या टोकाशी बोलावून रुमाल सोडावयास सांगितले. दोन्ही गाल भाजल्यासारखे तांबडे, त्यांवर बारीक फोडांची दाटी, आणि नाकाच्या कडेने कातडी कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे सुटलेली. "सर, क्रीम लावलेलं. गोरं व्हायला," तो म्हणाला, आणि लगेच, "घरात सांगू नका हां."

हा मजकूर त्या विद्यार्थ्यास वाचून दाखवूनच आम्ही छापावयास दिला आहे. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील त्याच्याच सांगण्यावरून बदलले आहेत. घरी मात्र सांगावेच लागले.

कारण आम्हांस विचारावे लागले नाही. साऱ्या वर्गास ते ठाऊक होते. नेहमीप्रमाणे शिक्षकांनाच ते सर्वांत शेवटी कळले. संमेलनातील समूहनृत्यात असलेल्या एका मुलीला गोरे मुलगे आवडतात, असे कोणा मित्राने त्यास सांगितले होते. त्या मुलीने असे कधी म्हटले होते काय, हे ना त्या मित्राने विचारले होते, ना याने. बाजारातील एका दुकानातून त्याने एक नळी आणली आणि महिनाभर रात्री निजताना तिचा लेप दिला. पहिल्या दहा दिवसांत चेहरा खरोखरीच उजळला, असे तो सांगतो. पुढचे वर आलेच आहे.

शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत निघाली तेव्हा प्रथम हशा पिकला, हे कबूल केले पाहिजे. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. मुलीच्या नजरेत भरण्यासाठी मुलाने रूप पालटावे, ही काही आजची गोष्ट नव्हे. साक्षात नारदमुनींनी राजकन्येच्या स्वयंवरासाठी विष्णूकडे 'हरीचे रूप' मागितले, आणि हरी या शब्दाचा दुसरा अर्थ वानर असल्यामुळे ते वानराचे तोंड घेऊन मंडपात जाऊन बसले. 'तेरे नाम' हा चित्रपट २००३ साली आला, तेव्हा आम्ही घाटाखालच्या आमच्या गावी शाळेत होतो. सलमान खानने त्यात मधोमध भांग पाडून केस कपाळाच्या दोन्ही अंगांनी खाली सोडले होते. त्या चित्रपटाचा नायक अखेरीस वेड्यांच्या आश्रमात जाऊन पडतो, ही गोष्ट आम्हांपैकी कोणीच मनावर घेतली नाही. केस तेवढे घेतले. आमच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीसाठी आम्ही ते केस चार महिने वाढविले. तिने आमच्याशी एकदाच शब्द काढला, तो "तुझ्या केसांमुळे फळा दिसत नाही, खाली वाक" एवढाच. आमच्या आईने कोंकणीतून जे सुनावले, ते शालेय अंकात छापण्याजोगे नाही.

तेव्हा केसांविषयी आमची मुलांवर सक्ती नाही. सध्या डोक्याच्या दोन्ही बाजू साफ करून वर तेवढा तुरा ठेवण्याची रीत आहे. गोव्यात कामाला असलेले थोरले भाऊ सणासुदीला घरी येताना ती घेऊन येतात आणि पंधरवड्यात सगळी आळी तशीच दिसू लागते. दिसो बापडी! १९६० सालच्या 'लव्ह इन सिमला' या चित्रपटात साधना या नटीचे रुंद कपाळ झाकावे म्हणून दिग्दर्शकाने तिचे केस पुढे कापून घेतले, तर देशभरच्या मुलींनी, कपाळ अरुंद असो वा रुंद, तसेच केस कापले. केस पुन्हा वाढतात. कातडीचे तसे नाही, आणि म्हणूनच आमचे हसू दुसऱ्या दिवशी बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात थांबले.

डॉक्टरांनी नळी हातात घेऊन तिच्यावरील बारीक अक्षरे वाचली आणि हे स्टेरॉइड असल्याचे सांगितले. खाज, इसब अशा विकारांवर ही औषधे थोडे दिवस, बेताने, वैद्यकीय देखरेखीखाली वापरावयाची असतात. ती लावली म्हणजे कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रंगद्रव्य तयार होणे मंदावते, आणि चेहरा काही दिवस फिकट दिसतो. त्यालाच मुले गोरेपणा समजतात. पुढे कातडी पातळ होते, उन्हात जळजळते, मुरमे उठतात. आणि मलम एकाएकी थांबविले की चेहरा पहिल्यापेक्षा अधिक लाल होतो, म्हणून पोर घाबरून पुन्हा तीच नळी पिळते. असे हे चक्र आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. चिठ्ठी आमच्या विद्यार्थ्याकडे नव्हती, आणि ती कोणी मागितलीही नव्हती.

याहून वाईट माल पाऱ्याचा. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, हे खरे. परंतु तो कातडीवाटे अंगात शिरून मूत्रपिंडे बिघडवितो. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि त्यात २०२० पर्यंत असली प्रसाधने बंद करण्याचे ठरले; तरी कोणत्या डबीत काय आहे हे पाहण्यास डोळा पुरत नाही. ज्या रंगावर हा सारा राग, तो मेलॅनिन नावाच्या द्रव्याचा असतो. गोऱ्या व काळ्या माणसाच्या कातडीत हे द्रव्य बनविणाऱ्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. त्या किती रंग तयार करतात एवढाच फरक. आणि हा रंग म्हणजे उन्हातील घातक किरणांपुढे धरलेली छत्री होय. चैत्र-वैशाखात शेतावर राबणाऱ्या माणसाने ती छत्री पैसे देऊन फाडून घ्यावी काय?

पण शास्त्र सांगून मुले थांबत असती, तर आम्ही हा लेख विज्ञानाच्या सरांकडे सोपविला असता. आमच्या मनात घोळणारा प्रश्न दुसराच आहे. आपला रंग हा दोष आहे, असे या मुलास कोणी शिकविले?

जाहिरातींनी शिकविले, हे सोपे उत्तर झाले, आणि खोटेही नाही. गोरेपणाचे पहिले मोठे क्रीम आपल्या देशात १९७५ साली बाजारात आले, ते मुलींसाठी. मुलांसाठी वेगळे निघाले २००५ साली. मुलींच्या त्या क्रीमच्या नावातून 'गोरेपणा'चा शब्द २०२० साली वगळण्यात आला, माल राहिलाच. दिल्लीच्या एका तरुणाने २०१३ साली ७९ रुपयांना मुलांचे क्रीम घेतले, सांगितल्याप्रमाणे लावले, आणि गोरा झालो नाही म्हणून ग्राहक मंचाकडे तक्रार केली. डिसेंबर २०२४ मध्ये मंचाने कंपनीस १४ लाख ५० हजार रुपयांचा दंड ठोठावला. अकरा वर्षे खटपट करणाऱ्या त्या तरुणाचे आम्हांस कौतुक वाटते.

परंतु जाहिरात पेरते ती नांगरलेल्या जमिनीत. नांगर कोणाचा? पहाटे काकडआरतीत सावळ्या विठ्ठलाचे रूप डोळे मिटून आळविणारे गृहस्थ घरी परतल्यावर स्वतःच्या मुलास 'काळ्या' म्हणून हाक मारतात. त्यांना त्यात विसंगती दिसत नाही. 'आमची थोरली सावळी आहे, पण कामाला चांगली' यातील 'पण' प्रत्येक घरात ऐकू येतो. आणि शाळेचे काय? दवाखान्यातून परतताना बसमध्ये आम्ही त्या मुलास सहज विचारले, "संमेलनात तुझे काम काय रे?" तो म्हणाला, "राक्षस. दरवर्षी तेच की, सर."

जांबोटी येईपर्यंत आम्हांस पुढे बोलता आले नाही. कारण भूमिकांचे वाटप आम्हीच केले होते. गेली तीन वर्षे आम्हीच करीत आहो. सहावीत तो खर राक्षस होता, सातवीत बकासुर, आठवीत कंसाचा दूत. त्याचा आवाज मोठा आहे, पाठांतर उत्तम आहे. परंतु आवाज ऐकून आम्ही त्यास निवडले, असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. कृष्ण या शब्दाचा अर्थच काळा. तरी कृष्णाच्या भूमिकेसाठी आम्ही वर्गातला गोरा मुलगा शोधतो आणि मग त्याच्या अंगाला निळा रंग फासतो! हे करताना आजवर आमच्या मनास काहीही टोचले नव्हते.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. मोठ्या मुलांनी तो पालकांसमवेत पाहावा. त्यातील जब्या हा गावकुसाबाहेरचा, काळासावळा शाळकरी मुलगा शालू नावाच्या वर्गातील मुलीवर जीव टाकतो. जीन्सची पँट घ्यावयास पैसे हवेत म्हणून बर्फाच्या कांड्या विकतो. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते, या समजुतीने रानोमाळ त्या चिमणीमागे धावतो. परंतु चित्रपटाच्या शेवटी गाव त्याच्याकडे पाहून हसते ते त्याच्या नाकडोळ्यांमुळे नव्हे, तर त्याचे कुटुंब डुकरे धरते म्हणून. आणि त्या हसणाऱ्यांत शालूही असते. पँट बदलून यातले काय बदलणार होते? रंगाला नाव ठेवणारी जीभ पुष्कळदा जातीला नाव ठेवीत असते. उघड बोलता येत नाही म्हणून रंगाचे निमित्त. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातील केम गावी हलगी वाजविणारा मुलगा. त्यास उत्कृष्ट बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याला नायक करणाऱ्याची नजर आमच्यापेक्षा चांगली होती, एवढेच येथे नमूद करतो.

आता त्या मुलीविषयी. या सर्व हकीकतीत तिचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते आणि तिला मात्र कोणीच काही विचारले नव्हते. मुलाच्या चेहऱ्याची बातमी वर्गभर झाली तशी पोरे तिला पाहून खाकरू लागली. फळ्यावर कोणी दोन अक्षरे लिहिली. ही अक्षरे पुसावयास अर्धे मिनिट लागते. पण पारवाड, चिखले यांसारख्या गावांतून आणि रानातल्या वाड्यांवरून मुली शाळेत येतात त्या घरच्यांच्या विश्वासावर, आणि तो विश्वास अशा दोन अक्षरांनी उडतो. तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी तिचे काका आले आणि 'नववी झाली तेवढी पुरे' असे म्हणाले. मुलाच्या गालावरची कातडी दोन-तीन महिन्यांत भरून येईल असे डॉक्टर म्हणाले आहेत. जिने काहीच केले नव्हते तिची शाळा सुटली असती, तर ती कोणत्या मलमाने भरून निघाली असती?

मुलग्यांना आम्ही नववीत नल-दमयंतीची कथा सांगतो. स्वयंवरात दमयंतीपुढे पाच नल बसले होते; चार देवांनी नलाचेच रूप घेतले होते. तेव्हा नुसत्या रूपाचा तिला काही उपयोग नव्हता; पाचही रूपे सारखीच देखणी! मग तिने खरा कसा ओळखला? देवांना घाम येत नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भुईला टेकले नव्हते. एकाच्या अंगावर धूळ होती, घाम होता, त्याची सावली पडली होती. तिने माळ घातली ती त्याला. यंदा ही कथा सांगितल्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारले, "आणि तिला पाचातला कुणीच नको असता तर, सर?" आम्ही म्हटले, तर तो तिचा अधिकार. असला प्रश्न वर्गात निघाला, याचा आम्हांस त्या दिवशी फार आनंद झाला.

आमच्या घरच्या कोंकणीत सुंदर वस्तूस 'सोबीत' म्हणतात. जे शोभते ते सोबीत. नीटनेटके राहावे, दात घासावेत, स्वच्छ धुतलेला सदरा घालावा, केसांना हवा तो तुरा काढावा. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात कोणाच्या नजरेत भरावेसे वाटणे हा गुन्हा नव्हे, आणि त्याबद्दल मुलास झोडपणाऱ्या पालकांची बाजू आम्ही घेणार नाही. परंतु औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आलेली नळी घरात दिसली, तर आयांनी ती वाचावी. अक्षरे इंग्रजी असतील तर आमच्याकडे पाठवावी. आणि घरात 'काळ्या' ही हाक असेल, तर ती आजपासून बंद करावी. आमच्या वर्गात ती बंद केली आहे.

पुढे काय झाले ते सांगतो. मुख्याध्यापिकाबाई त्या मुलीच्या घरी दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेस तिच्या आजीने चहा दिला, त्यावरून आम्ही काय ते समजलो. ती शाळेत येऊ लागली आहे. समूहनृत्यात मात्र ती नव्हती. तिच्या जागी ऐन वेळी आठवीतील मुलगी घेतली. त्या मुलास आम्ही नाटकात कृष्ण करू म्हटले, तर तो नको म्हणाला. चेहऱ्यावर रंग लावण्यास डॉक्टरांची मनाई होती, आणि आता उशीरही झाला होता. त्याने पडद्यामागे राहून सूत्रधाराचे निवेदन म्हटले. आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला.